ओव्हाळ सरांची भिंत

आमच्या जुन्या शाळेची स्मरणिका निघते आहे. संपादक मंडळातला एकजण, माझाच विद्यार्थी, परवा घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या वेळच्या एखाद्या शिक्षकावर दोन पानं द्या. जरा गोड लिहा."

मी विचारलं, "ओव्हाळ सरांवर लिहू?"

त्याचा चेहरा पडला. खिशातून यादी काढून त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. यादीत सगळे मुख्याध्यापक होते, संस्थेचे अध्यक्ष होते, घंटा देणारा शिपाईसुद्धा होता. अकरा वर्षं त्या शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस तेवढा नव्हता.

"त्याचं काय झालं बाई, त्यांचा फोटोच नाही रेकॉर्डला," तो म्हणाला.

म्हणून हे लिहिते आहे. स्मरणिकेसाठी नाही, आणि गोडही नाही.

मी धाराशिवला मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा गावाचं कागदोपत्री नाव उस्मानाबाद होतं आणि बहात्तरचा दुष्काळ संपून सहा-सात वर्षं झाली होती. तरी माणसं पोराचं वय सांगताना "खडी फोडायला जायचो तवाचं" असंच सांगत. ओव्हाळ सर माझ्या आधीपासून तिथं होते. ठेंगणे, काटक, भर वैशाखातही शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खिशात पेनाऐवजी गाठी मारलेली सुतळी असायची. एक गाठ म्हणजे एक वीत. कुठल्याही भिंतीसमोर थांबले की आधी तिच्यावर तळहात ठेवायचे, ताप बघावा तसा, आणि मग सुतळी काढायचे.

मूळचे तामलवाडीकडचे. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर धम्म स्वीकारला आणि पहिली गोष्ट केली ती ही, की पोराला सोलापूरला शिकायला ठेवलं. तिथं शाळा सांभाळून सर एका पेंटरच्या हाताखाली सिनेमाचे बोर्ड रंगवायचे. छोट्या फोटोवर चौकटी पाडायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या कापडावर पाडायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायची, ही विद्या त्यांना तिथं मिळाली.

"नटीचा गाल पाच हात असायचा, बाई," ते सांगायचे. "पाच हात नुसतं गुलाबी. एकदा तिच्या गालावरचा तीळ म्या काढला. फोटोत होता, म्हणून काढला. मालकानं पुसाय लावला. तवाच ठरवलं, नोकरी लागली की जे हाय ते काढायचं."

"जे हाय ते." हे त्यांच्या तोंडी दिवसातून दहादा यायचं.

वर्गात मुलांनी दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि शेजारी नारळाचं झाड काढलं की त्यांचा पारा चढायचा. "नारळाचं झाड कुठं बघितलंस रे? वाण्याच्या दुकानात? तुझ्या दारात काय हाय ते सांग." पोरगं म्हणायचं, "उकिरडा हाय सर." "मग त्यो काढ की. त्यात काय काय पडलंय, बघून ये." पोरं खरंच बघून यायची. त्या वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या शाळेनं सतरा उकिरडे पाठवले आणि सगळे परत आले.

स्वतः सर गावातल्या पडक्या, गंजलेल्या जागा रंगवायचे. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं फाटक, नगरपालिकेचे पाणी नसलेले नळ, एसटी स्टँडच्या मुतारीची भिंत आणि तिच्यावर एकावर एक चिकटवलेली, सोलवटलेली पोस्टरं. जुन्या पाट्यांचे पत्रे घासून त्यावर, नाहीतर मांजरपाटाच्या कापडावर तैलरंगात काम चालायचं. एक चित्र तीन-तीन महिने. रविवारी सकाळी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर बसायचे आणि सावली सरकली की ब्रश धुऊन उठायचे, मग एक वीट का राहिली असेना. चित्र पुरं झालं की बघणारा म्हणायचा, "फोटो हाय व्हय?" सरांना त्यात कौतुक वाटत नसे. "फोटो न्हाय. मी बसून बघितलंय," म्हणायचे.

शिक्षकांच्या खोलीत भिंतीला सात खिळे होते आणि त्यावर सात कप. शिपाई दुपारी चहा आणायचा. आठवा, एक काचेचा ग्लास, बाहेरच्या बाजूला खिडकीत असायचा. तो ओव्हाळ सरांचा. मी लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातली; मला रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी खिळा मिळाला. सर माझ्या आधी चार वर्षं तिथं होते. तो ग्लास मला पहिल्याच आठवड्यात दिसला आणि मी सहा महिने माझ्या कपातून चहा पीत राहिले. हे लिहिताना माझी मलाच चीड येते, पण ते झालंय.

सर कधी एका शब्दानं बोलले नाहीत. एके दिवशी मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन त्यांनी नववीचा वर्ग शिक्षकांच्या खोलीत आणला. "आज स्थिरचित्र. समोर जे हाय ते काढा. काही सोडायचं न्हाय, काही पदरचं घालायचं न्हाय." चाळीस मुलांनी सात कप काढले आणि खिडकीतला ग्लास काढला. प्रजासत्ताकदिनी पालक आले तेव्हा ती चाळीस चित्रं व्हरांड्यात ओळीनं टांगलेली होती. मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन दहाव्या-बाराव्या चित्रापर्यंत गेले आणि तिथूनच मागे वळले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे कप गेले. ग्लासही गेला. एक खिळा वाढवणं कुणाला जमलं नाही, म्हणून शाळेनं चहाच बंद केला. आणि पुढं वर्षभर शिक्षक मंडळी सरांकडे बघून म्हणायची, "काय हो, चांगला चाललेला चहा बंद पाडलात!"

आता भिंतीचं सांगते.

गावाच्या पूर्वेला सहकारी तेलगिरणीचं गोदाम होतं. दुष्काळानंतरच्या वर्षांत ते उभं राहिलं. उद्घाटनाला तेरखेड्याची दारू उडवली होती, तिची आतषबाजी लोकांच्या लक्षात होती. गिरणीतून तेल निघालेलं मात्र कुणी पाहिलं नव्हतं. यंत्रं पेट्यांतच गंजली. गिरणीचे चेअरमन साहेब तेच राहिले. आमच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्षही तेच. गोदामाची मागची लांब भिंत एका वस्तीच्या बोळावर होती. बोळात सरांचं घर होतं. उन्हाळ्यात तिथं टँकर यायचा आणि बायका घागरी लावून त्या भिंतीच्या सावलीला बसायच्या, कारण दुसरी सावलीच नव्हती.

ती भिंत सरांनी एकाच जागेवर बसून चार वर्षांत चार वेळा रंगवली. माझ्या घरी आणून त्यांनी ती चित्रं ओळीनं मांडली तेव्हा मला वाटलं, एकच चित्र चारदा का काढलं असेल. मग त्यांनी बोट ठेवलं. पहिल्या चित्रात कोपऱ्यातून केसासारखी एक रेघ निघाली होती. दुसऱ्यात ती खिडकीपर्यंत आली होती. तिसऱ्यात तिच्यात करंगळी मावली असती. चौथ्यात भिंतीची वरची कड पोटासारखी पुढं आली होती आणि खाली तीच घागरींची ओळ. त्यांनी विटांचे थर मोजून काढले होते. कुठल्या वर्षी तडा कुठल्या थरापर्यंत गेला, ते चित्राच्या मागं लिहिलेलं होतं.

"बाई, तुम्ही मराठीच्या. अर्ज लिहून द्या. मला शब्द लावता येत न्हाईत."

"काय लिहायचं?"

"भिंत पडणार हाय. बायका मरतील."

मी अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं, भाषा चांगली. मी लिहिलं, 'सदर भिंतीची अवस्था पाहता भविष्यात अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.' सरांनी तो दोनदा वाचला.

"ही कुठली भिंत, बाई? आपली न्हाय वाटत."

"असंच लिहावं लागतं, सर."

"लागत असंल," ते म्हणाले आणि सही केली.

आम्ही दोघं तहसील कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी अर्ज बाजूला ठेवला आणि चारही चित्रं खुर्चीला टेकवून पाहिली. जवळ जाऊन एका विटेवरून नखही फिरवलं. मग हसले.

"हात चांगला आहे तुमचा. पण मास्तर, हे चित्र आहे. चित्रात काय, काहीही काढता येतं. फोटो आणा."

गावात फोटो स्टुडिओ एकच. त्याच्या काचेत चेअरमन साहेबांचा हार घातलेला मोठा फोटो होता. मालकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅमेरा दुरुस्तीला गेलाय सर." तो कॅमेरा त्याच्या मागंच तीन पायांवर उभा होता. सरांनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मालकाकडं बघितलं. तो मान खाली घालून पावतीपुस्तक चाळायला लागला. रस्त्यावर आल्यावर माझा आवाज चढला. सर म्हणाले, "त्याच्यावर नका चिडू. त्याला बी इथंच राहायचंय."

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याला त्याला इथंच राहायचं होतं, म्हणून तर ती भिंत तशी उभी होती.

त्या साली पुन्हा पाऊस हुकला. मार्चमध्येच टँकर सुरू झाला आणि घागरींची ओळ भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एका सकाळी गाव उठलं तर भिंतीवर हातभर अक्षरांत, काळ्या रंगात लिहिलेलं होतं: 'ही भिंत पडणार आहे. सावलीला बसू नका.' सरांची अक्षरं अख्ख्या गावाला ठाऊक. निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी माझं वाक्य घेतलं नव्हतं, स्वतःचं घेतलं होतं.

दोन दिवसांत गिरणीच्या माणसांनी त्यावर चुना मारला. सरांना शाळेचा मेमो आला: संस्थेच्या अध्यक्षांची बदनामी, आणि शाळेचा रंग खाजगी कामाला वापरल्याचा संशय. रंग त्यांचा स्वतःचा होता. वर्षभर शाळेनं त्यांना एक बाटली रंग दिला नव्हता, तर वापरणार कुठून?

चुना वाळला तसा तडा त्यातून पुन्हा उमटला, आधीपेक्षा ठळक.

मग सरांनी बोळाच्या पलीकडच्या बाजूला बांबू रोवले आणि मांडव घातला. कापड म्हणून त्यांनी आपली चित्रांची मांजरपाटं वापरली, वर्षानुवर्षांची, एकमेकांना शिवून. मांडवाखाली बसून वर बघितलं की जिनिंगचं फाटक दिसायचं, कोरडे नळ दिसायचे. सर रोज शाळेआधी आणि शाळेनंतर तिथं उभे राहायचे आणि एकेका बाईला हात जोडून म्हणायचे, "इकडं बसा. पाया पडतो, इकडं बसा."

बायका काय ऐकतात! त्यांच्यात चंदरआत्या म्हणून एक म्हातारी होती, सरांच्या शेजारची. सरांना तिनं अंगाखांद्यावर खेळवलं नव्हतं, पण बोलायची तशी. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, पाणी देणं तर तुमच्या हातात न्हाय. आता सावली बी काढून घेता व्हय? लई शिकलाव म्हणून?"

"आत्या, ती भिंत पडतीय."

"पडंना. कवाची पडतीय! तुमी रंगीवल्यापून पडतीय."

सगळ्या हसल्या. सरही हसले. पण ते तिथून हलले नाहीत. आठवडाभरात चार बायका मांडवात आल्या, मग दहा, मग सगळ्याच. चंदरआत्या सर्वांत शेवटी आली आणि वर बघून म्हणाली, "ह्ये काय काढून ठिवलंय? नळ काढलाय तर पाणी तरी काढायचं हुतं."

"नव्हतं आत्या पाणी," सर म्हणाले.

"म्हाईत हाय मला," म्हातारी म्हणाली आणि पदरानं वारा घेत बसली.

माणसं मांडवात आली, पण घागरी भिंतीपाशीच राहिल्या. घागर हलवली की नंबर गेला, अशी रीत. सरांनी तीही मोडायचा प्रयत्न केला, ते काही जमलं नाही.

एका दुपारी टँकर आला आणि बोळात मागं मागं येऊ लागला. तो दिसताच चंदरआत्या उठली आणि घागर पुढं सरकवायला भिंतीकडं गेली. पलीकडच्या बायका सांगतात, आवाज मोठा झाला नाही. पोतं रिकामं करावं तशी भिंत खाली आली. सर तेव्हा शाळेत आठवीच्या वर्गावर होते. निरोप आला तसे खडू हातात घेऊनच पळाले. मीही मागं गेले. ते ढिगाऱ्यावर गुडघे टेकून हातानं विटा काढत होते. विटांमधला माल चिमटीत येत होता, नुसती वाळू. त्यात सिमेंट कुठं गेलं होतं, ते कुणाला सांगायची गरज नव्हती.

मांडवात बसलेल्या सव्वीस बायकांना खरचटलंसुद्धा नाही. म्हातारी मेली.

चौथ्या दिवशी शाळेच्या आवारात जीप आली. कचेरीतले तेच साहेब. आता चौकशी होती. सरांना बोलावून म्हणाले, "ती चारही चित्रं द्या. पुरावा म्हणून लागतील."

सर म्हणाले, "फोटो न्हाईत साहेब ते. चित्रं हाईत. चित्रात काहीबी काढता येतं."

साहेब लाल झाले. मुख्याध्यापक पुढं होऊन काहीतरी बोलायला लागले. पण सर घरी गेले, चित्रं जुन्या धोतरात गुंडाळून आणली आणि दिली. पावती मागितली. "नंतर पाठवतो," म्हणून जीप निघून गेली. पावती आली नाही आणि चित्रंही आली नाहीत.

अहवाल आला. भिंत टँकरच्या धक्क्यानं पडली. चित्रं विचारात घेतली नाहीत, कारण ती कधी काढली हे सक्षम अधिकाऱ्यानं प्रमाणित केलेलं नव्हतं. भिंतीवर मजकूर रंगवून लोकांत घबराट पसरवल्याबद्दल संबंधित शिक्षकास समज द्यावी. मयत स्त्री सूचना देऊनही भिंतीजवळ गेली. हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. सूचना कुणी दिली होती? ज्याला समज द्यायची त्यानंच! एकाच कागदावर, एकाच सहीच्या वर, दोन्ही लिहिलं होतं. गिरणीला नवं गोदाम मंजूर झालं, पडलं होतं त्यापेक्षा मोठं.

मी तो कागद घेऊन सरांच्या घरी गेले. ते अंगणात चंदरआत्याचा चेहरा काढत बसले होते. तिच्या लेकीला हवा होता. म्हातारीचा एकही फोटो नव्हता. अहवाल त्यांनी वाचला आणि घडी घालून मला परत दिला.

"तुमचं मराठी बरं होतं, बाई. ह्यांच्यापेक्षा," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "सर, माझ्या अर्जात मी सरळ लिहायला हवं होतं."

"व्हय, लिहायला पाहिजे होतं," ते म्हणाले. माझी समजूत काढायला म्हणूनसुद्धा ते खोटं बोलले नाहीत. मग चित्राकडं वळून म्हणाले, "आत्याचा खालचा दात पडलेला होता का हो? डावीकडचा?"

दुसऱ्या वर्षी संस्थेनं त्यांची बदली केली, सास्तूरच्या पुढं कुठल्याशा वाडीवरच्या शाळेत. तिथं चित्रकलेचा तासच नव्हता. त्यांनी गणित शिकवायचं असं ठरलं. मी आणि आणखी एका शिक्षकानं निषेधाचं पत्र लिहिलं. त्यावर सह्या दोनच झाल्या. बाकीच्यांना इथंच राहायचं होतं.

पुढं माझीही सोलापूरला सोय झाली आणि मी गाव सोडलं. निघाले तो रविवार होता. एसटी पूर्वेच्या रस्त्यानं वळली तेव्हा नव्या गोदामाला तोरणं लावलेली दिसली. दुपारी उद्घाटन होतं. बंदोबस्ताला पोलीस होते. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात, पत्रा मांडीवर घेऊन ओव्हाळ सर बसले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं वाडीवरून आले असणार. नव्या भिंतीचा गुलाबी रंग अजून ओला होता. एक जमादार काठी घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला होता आणि हात हलवून काहीतरी दरडावत होता. गर्दीमुळं आमची गाडी तिथंच अडली, म्हणून मला ऐकू आलं.

सरांनी मान वर केली. चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "जमादार, जरा बाजूला व्हा. भिंत दिसंना."

आणि जमादार बाजूला झाला.